सार ज्याचे त्याने काढावे

गेल्या हिवाळ्यात बालाघाट जिल्ह्यातील बिरसा या गावी चार दिवस राहण्याचा योग आला. माझी पुतणी तेथे शाळेत शिक्षिका आहे. ‘काका, एकदा या आणि मुलांना दोन गाणी शिकवून जा’, असा तिचा आग्रह दोन वर्षे चालला होता. ग्वाल्हेरहून जबलपूर, तेथून बालाघाट आणि पुढे बैहरमार्गे मोटार, असा हा प्रवास. एका अंगाला कान्हाचे जंगल, दुसऱ्या अंगाला मलाजखंडची तांब्याची खाण. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, आणि गोंदिया जिल्हा आजही बालाघाटला लागूनच आहे. तरी बिरशाच्या त्या वर्गात मराठी कानी पडत नाही. मुले बहुतेक गोंड आणि बैगा घरांतली. घरी गोंडी किंवा छत्तीसगढी वळणाची बोली, आणि शाळेत पुस्तकी हिंदी.

गाणी शिकवून झाल्यावर मी मागच्या बाकावर बसून पुतणीचा पुढचा तास ऐकत राहिलो. विषय होता उताऱ्याचे सार लिहिण्याचा. उतारा जंगल आणि पाऊस यांच्या संबंधावरचा, पंचवीसएक ओळींचा. ‘एक तृतीयांशात सार लिहा’, एवढे फळ्यावर लिहून तिने वह्या मागवल्या. बहुतेक मुलांनी पहिल्या चार ओळी, मधली एक आणि शेवटच्या दोन ओळी अक्षरशः उतरवून काढल्या होत्या. लांबी जवळजवळ एक तृतीयांश! पुतणी हताश झाली. ‘काका, हे दर वेळी असेच होते’, म्हणाली.

तिच्या परवानगीने मी एका मुलाला जवळ बोलावले आणि विचारले, ‘आज शाळेत काय वाचलेस म्हणून आईने विचारले, तर तिला काय सांगशील? तुमच्या घरच्या बोलीतच सांग.’ मुलगा थोडा लाजला, आणि मग त्याने तीन वाक्यांत सांगून टाकले. शेजारच्या मुलाने मला त्याचा अर्थ हिंदीत सांगितला: झाड पाणी धरून ठेवते; झाड गेले की माती वाहून जाते; मग विहीर आटते. मी उतारा पुन्हा पाहिला. पंचवीस ओळींत याहून अधिक काही नव्हते. म्हणजे सार मुलाच्या डोक्यात तयार होते. ते कागदावर उतरत नव्हते एवढेच, कारण सार लिहायचे म्हणजे पुस्तकाचीच वाक्ये कापून लावायची, अशी त्याची समजूत झाली होती.

त्या तासापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही. कारण हा दोष बिरशाच्या मुलांचा नव्हे. तो आपल्या घरांतल्या मुलांचाही आहे, आणि माझ्या स्वतःच्या शिष्यवर्गाचा तर आहेच.

माझ्याकडे शिकणारी एक विद्यार्थिनी आहे. गळा गोड आणि सुराला पक्की. भूप गायला बसली की गंधारावर अशी ठेहरते की ऐकणाऱ्याला समाधान वाटावे. संगीताच्या परीक्षेत लेखी प्रश्नपत्रिका असते. तीत तिने भूपाचा वादी स्वर धैवत असे लिहिले. मी चकित झालो. चौकशी करता कळले की बाजारात मिळणाऱ्या एका मार्गदर्शक पुस्तिकेत भूप आणि देशकार यांच्या ओळींची छपाईत अदलाबदल झाली होती, आणि हिने ती ओळ तशीच पाठ केली होती. जो स्वर रोज संध्याकाळी स्वतःच्या गळ्यातून निघतो, त्याच्यावर विश्वास न ठेवता तिने दुसऱ्याने काढलेल्या सारावर विश्वास ठेवला. यात हसण्यासारखे आहे खरे. पण मला हसू आले नाही.

हे भूप-देशकाराचे उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. दोन्ही रागांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. नुसती स्वरांची यादी केली तर दोन्ही राग एकच ठरतील. पण भूपात गंधार वादी आणि धैवत संवादी. देशकारात ते नेमके उलट. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी खालच्या अंगाने फुलतो, देशकार सकाळी वरच्या अंगाने. तेव्हा सार म्हणजे मजकुरात काय काय आहे याची यादी नव्हे. काय मुख्य आहे, काय त्याच्या आधाराला आहे, आणि कोण कोणाकडे झुकते आहे, हे सांगणे म्हणजे सार. दोन लेखकांनी तीच माहिती दिलेली असते, आणि तरी दोघांचे म्हणणे अगदी भिन्न असते. ज्याला लेखाचा वादी स्वर सापडला नाही, त्याने सगळे मुद्दे बिनचूक मांडले तरी त्याच्या हाती देशकाराऐवजी भूप लागण्याचा संभव आहे.

ही विद्या बाहेरून आणायची नाही. ती आपल्या घरचीच आहे. मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्याच्या कसोट्या फार पूर्वी घालून दिल्या. ग्रंथाचा आरंभ कशाने होतो आणि शेवट कशाने, म्हणजे उपक्रम आणि उपसंहार. कोणती गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली आहे, तो अभ्यास. नवीन काय सांगितले, ती अपूर्वता. त्यातून निष्पन्न काय होते, ते फळ. केवळ स्तुतीसाठी किंवा ओघात आलेले कोणते, तो अर्थवाद. आणि युक्तिवाद कोणता, ती उपपत्ति. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्याच्या पहिल्याच प्रकरणात, ‘विषयप्रवेशा’त, या कसोट्या मांडून मग सातशे श्लोकांच्या गीतेचे तात्पर्य शोधायला घेतले. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रचंड ग्रंथ एका अर्थाने एका प्रश्नाचे उत्तर आहे: गीतेचे सार काय? त्याची रचनाही पाहावी. आरंभी विषयप्रवेश, चौदावे प्रकरण गीतेच्या अध्यायांची एकमेकांशी संगती लावणारे, आणि पंधरावे उपसंहाराचे. टिळकांची मते कोणाला पटोत वा न पटोत. त्यांच्या ग्रंथात वाचक वाट चुकत नाही.

समर्थांचा दासबोध वीस दशकांचा, दोनशे समासांचा. त्याच्या पहिल्या दशकाचा पहिला समास कशाला दिला आहे? हा ग्रंथ कोणता, यात काय काय सांगितले आहे, आणि तो ऐकल्याने काय मिळेल, एवढेच सांगायला. म्हणजे लिहिण्याआधी किंवा लिहिल्यावर समर्थांच्या डोळ्यांपुढे सर्व ग्रंथाचा आराखडा उभा होता, आणि तो श्रोत्यांपुढे आधीच ठेवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्याच्याही पूर्वी महानुभावांनी हेच केले. म्हाइंभटांनी लीळाचरित्रात चक्रधरांच्या लीळा आणि वचने गोळा केली. केशोबासांनी त्यांतील वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. दृष्टांतपाठात त्यांची मांडणी तर शिक्षकाने फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्या दृष्टांताचा मूळ सूत्राशी संबंध दाखवणारा दार्ष्टांतिक. मुद्दा, उदाहरण आणि उदाहरणाने काय सिद्ध झाले ते. निबंध लिहिणाऱ्या मुलाला याहून चांगला साचा कोण देणार? आजचे निबंध पाहावेत. सूत्र असते तेथे दृष्टांत नसतो, आणि दृष्टांतांची गर्दी असते तेथे ते कशासाठी आले हेच लेखक विसरलेला असतो.

आमच्या ग्वाल्हेरच्या गायकीचेही हेच शिस्तीचे वळण आहे. आमच्याकडे ख्याल सुरू करताना स्थायी आणि अंतरा दोन्ही आधी पूर्ण गाऊन दाखवतात आणि मगच बढतीला हात घालतात. बंदिश हा रागाचा आराखडा आहे. तो श्रोत्यांच्या हाती आधी द्यायचा, म्हणजे पुढचा विस्तार कोठून कोठे चालला आहे ते त्यांना समजते. पंडित भातखंड्यांनी ही गोष्ट शास्त्रात नेली. गावोगाव हिंडून, घराणेदार गवयांच्या मिनतवाऱ्या करून त्यांनी चिजा जमवल्या, त्यांची स्वरलिपी केली, आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. १९१० साली संस्कृतात ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा आटोपशीर ग्रंथ लिहिला. आणि तो विस्ताराने समजावून सांगण्यासाठी गुरुशिष्यांच्या संवादरूपाने ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग लिहिले, तेही मराठीत. एकाच माणसाने एकच विषय एकदा आवळून आणि एकदा सैल सोडून लिहिला. शिवाय लक्षणगीते रचली, म्हणजे ज्या रागाची लक्षणे सांगायची ती त्याच रागात गाऊन सांगायची. १९१८ साली ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय निघाले ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली, आणि आम्हा गाणाऱ्यांच्या घरांतून वहीपेन्सिल शिरली ती तेव्हापासून.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. संस्थान विलीन झाले तरी सणावारी देवघरापुढे गाण्याची सेवा आमच्या घराकडे राहिली होती, आणि वडिलांनी ती अखेरपर्यंत केली. ते लिहीत फार कमी. पण त्यांची एक लांबट वही होती. तीत प्रत्येक रागाला एक-दोन ओळी: चलन, चिजेचे पहिले शब्द, आणि एखादी खूण, ‘येथे थांबावे’, ‘अप्पांची जागा’, ‘घाई नको’. मी तरुणपणी ती वही चाळली आणि मनाशी म्हटले, सगळे येथे आहे, सवडीने पाहू. वडील गेल्यावर ती उघडली. जे राग मी त्यांच्यासमोर बसून शिकलो होतो, त्यांच्या ओळी वाचताच गाणे कानांत उभे राहिले. ‘येथे थांबावे’ म्हणजे किती थांबावे हेसुद्धा आठवले. पण ज्या सातआठ रागांना मी कधी बसलोच नव्हतो, त्यांच्या ओळी मुक्या राहिल्या. ‘अप्पांची जागा’ म्हणजे कोणती जागा, हे सांगणारा आता कोणी नाही. वहीतल्या सर्व ओळी सारख्याच शाईने, सारख्याच अक्षरात लिहिलेल्या आहेत. फरक वहीत नाही, माझ्यात आहे.

तेव्हापासून माझे मत बनले की सार ज्याने काढले त्यालाच ते पुरे पडते. दुसऱ्याच्या हाती ते नुसते टरफल. हे मत मांडण्याचे कारण असे की आज सार काढून देणाऱ्यांचा सुकाळ झाला आहे. मार्गदर्शक पुस्तिका पूर्वीही होत्या. आता तर मोबाइलमधले यंत्र शंभर पानांचे सार पापणी लवते न लवते तोच काढून देते, आणि ते बऱ्याचदा बरेही असते. कित्येक पालक मला विचारतात, ‘मास्तर, यंत्र करते ते मुलाने कशाला करायचे?’ मी त्यांना म्हणतो, तंबोऱ्याचा आवाज देणारी पेटीही मिळते, मग मुलीला षड्ज लावायला कशाला बसवता? सार हे फळ आहे, पण ते काढण्याची क्रिया हा रियाज आहे. हे टाकू की ते टाकू, हे मुख्य की ते मुख्य, असे दहा वेळा मनाशी भांडताना जे घडते त्यालाच वाचन म्हणतात. कागदावर उरते ती त्या भांडणाची खूण. कामाच्या गर्दीतल्या माणसाने यंत्राची मदत जरूर घ्यावी. पण शिकणाऱ्याने घेतली तर तो शिकणेच दुसऱ्याकडे सोपवतो.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१३ साली अमेरिकेतील केंट येथील जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा रीतींविषयीचे संशोधन तपासले. त्यांत सार काढण्याच्या रीतीला त्यांनी खालचा क्रम दिला. ओळींखाली रेघा ओढण्यालाही तोच. कारण असे की ज्यांना ही कला नीट येते त्यांना फायदा होतो, पण बहुतेकांना ती येत नाही आणि शिकवल्यावाचून येतही नाही. वरचा क्रम मिळाला तो स्वतःची परीक्षा घेत राहण्याला आणि अभ्यास थोडा थोडा, अंतराअंतराने करण्याला. म्हणजे ‘सार लिहा’ असे फळ्यावर लिहून मोकळे होणाऱ्या शिक्षकाचे काम तेथे संपत नाही. खरे म्हणजे सुरूही होत नाही. आम्ही ‘गा’ म्हणून गाणे शिकवतो काय?

मग शिकवायचे कसे? बिरशाला राहिलेल्या दोन दिवसांत आम्ही काकापुतणीने जे करून पाहिले ते सांगतो. मजकूर प्रथम सबंध वाचायचा, हातात पेन्सिल न घेता. पहिल्याच आवर्तनात कोणी ताना घेत नाही. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात चारपाच शब्दांची ओळ लिहायची, लेखकाच्या शब्दांत नव्हे, स्वतःच्या. मग त्या ओळी एकाखाली एक मांडून वादी शोधायचा: यांतली कोणती ओळ काढली तर बाकीच्या निराधार होतील? ती सापडली की पुस्तक मिटायचे. मिटायचेच, कारण उघडे राहिले की हात नक्कल करू लागतो. आता शेजाऱ्याला तोंडी सांगायचे, घरच्या बोलीत. आणि सांगितलेले मग लिहायचे, शाळेच्या भाषेत. शेवटी पुस्तक उघडून ताडून पाहायचे: काही मुख्य सुटले काय, आणि लेखकाने न म्हटलेले काही आपण त्याच्या तोंडी घातले काय? या दुसऱ्या प्रश्नाकडे फार दुर्लक्ष होते. आपले मत लेखकाच्या नावावर खपवणे ही साराच्या बाबतीतली सर्वांत मोठी लबाडी, आणि ती मोठमोठी माणसे करतात. तिसऱ्या दिवशी त्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांनी आपल्या वाक्यांत सार लिहिले. वाक्ये ओबडधोबड होती, पण त्यांची होती.

वही राखण्याची रीतही सोपी आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून एक पद्धत जगभर पसरली: पानाचा उजवा रुंद भाग टिपणांसाठी, डावी अरुंद पट्टी खुणेच्या शब्दांसाठी, आणि तळाला सारासाठी चार ओळींची जागा. नंतर उजवा भाग झाकून केवळ डावीकडच्या शब्दांवरून सगळे आठवायचे. आमच्या जुन्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. चिजेचा पहिला शब्द दिला की सबंध चीज म्हणून दाखवायची, ही तालीम आम्ही लहानपणी रोज देत होतो.

लिहितानाही हाच मार्ग उलट दिशेने चालायचा. आधी एका वाक्यात आपले म्हणणे लिहावे. ते एका वाक्यात बसत नसेल, तर आपल्याला म्हणायचे काय ते अजून ठरलेले नाही असे समजावे. त्याखाली मुद्दे मांडावेत, प्रत्येकापुढे त्याचा दृष्टांत लिहावा, आणि मग एक खेळ करून पाहावा: दोन मुद्द्यांची जागा बदलावी. बदलूनही काही बिघडत नसेल, तर तो आराखडा नव्हे, बाजाराची यादी आहे. चांगल्या आराखड्यात दुसरा मुद्दा पहिल्याच्या खांद्यावर उभा असतो.

आता या पानाच्या वाचकांना, म्हणजे पिढ्यानपिढ्या येथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांना, एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपली नातवंडे शाळेत इंग्रजीत शिकतात, गल्लीत हिंदी बोलतात, आणि मराठी जेवणाच्या पानापुरती उरली आहे. ‘मराठीचा काय उपयोग?’ असा प्रश्न घरोघर ऐकू येतो. बिरशाच्या त्या मुलाने मला त्याचे उत्तर दिले. परक्या भाषेतला धडा समजला की नाही, याची खरी कसोटी तो घरच्या भाषेत सांगता येतो की नाही ही आहे. तेव्हा रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर दहा मिनिटे नातवाने आजीला शाळेतला एक धडा मराठीत सांगावा. आजीने मध्येच विचारावे, ‘म्हणजे काय रे?’ आणि शेवटी म्हणावे, ‘आता एका वाक्यात सांग.’ आजीला धड्यातले विज्ञान कळत नसेल तर अधिकच चांगले. ज्याला माहीत नाही त्याला समजावून सांगताना जे सार निघते, तेच खरे सार. याला पैसा लागत नाही, शिकवणी लागत नाही, आणि एका दगडात धडा आणि मराठी दोन्ही पदरात पडतात.

पुतणीचे पत्र परवा आले. तिने वर्गात आता नियमच केला आहे की आधी घरच्या बोलीत सांगायचे आणि मग लिहायचे. गोंडी मला येत नाही, तिलाही फारशी येत नाही. पण मुले एकमेकांचे ऐकून ‘हे सुटले’, ‘हे त्यात नव्हते’ असे भांडतात म्हणे. ते वाचून मला बरे वाटले.

मी मात्र रोज रात्री वडिलांची ती वही काढून बसतो. मुक्या राहिलेल्या सातआठ ओळींपैकी दोन रागांच्या चिजा इतर बुजुर्गांकडे जाऊन मिळवल्या आहेत, आणि त्या ओळी आता थोड्या थोड्या बोलू लागल्या आहेत. ‘अप्पांची जागा’ अजून सापडलेली नाही. ती सापडेपर्यंत ती ओळ पाठ आहे म्हणून तो राग मला येतो, असे मी कोणाला सांगणार नाही.